फोल्डिंग खातं

लालबाग-परळ-काळाचौकी या पट्ट्यात वाढलेल्या माणसाला 'हाफकिन' म्हटलं की आधी साप आठवतो. सापाचं विष काढतात ती जागा. मग पोलिओचे डोस. मग आचार्य दोंदे मार्गावरची झाडीतली ती जुनी इमारत, जिथे एके काळी मुंबईचा गव्हर्नर राहायचा. प्लेग आठवणारी पिढी केव्हाच गेली. माझ्या पणजीने प्लेग पाहिला होता असं आजी सांगायची, पण तिच्या गोष्टीत उंदीर पडणं आणि गावाबाहेर झोपड्या बांधून राहणं एवढंच असायचं. लस कुठेच नसायची.

लशीचा विषय निघाला तो माझ्या भाचीमुळे. ती जीवतंत्रज्ञान शिकते, आणि मामाला वाचायचा नाद आहे हे तिला ठाऊक असल्याने अधूनमधून असले बाण सोडत असते. "मामा, हाफकिन प्लेगचे जंतू तापवून मारायचा ना? मग त्यांच्यातली प्रोटीनं शिजली नाहीत? उकडलेलं अंडं काय परत कच्चं होतं?"

प्रश्न रास्त आहे. लशीचं काम शरीराला शत्रूची ओळख करून देणं. ही ओळख पटते ती आकारावरून, आणि तापवल्यावर प्रथिनांचा आकार मोडतो. मग परळच्या बाटल्यांतून नेमकी कसली ओळख जात होती? याचं उत्तर मिळायला शंभर वर्षं लागली. ते मला इतकं आवडलं की इथे सविस्तर लिहून ठेवतोय. नातेवाईक मंडळींनी मधला पेशींचा भाग कंटाळवाणा वाटला तरी वाचावा, पुढे त्याचा उपयोग आहे.

आधी इतिहास. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीत अकासियो व्हिएगस या मूळच्या गोव्याच्या डॉक्टरने पहिल्यांदा हा ब्युबॉनिक प्लेग आहे असं ठामपणे सांगितलं. १८९१च्या खानेसुमारीत शहराची वस्ती आठ लाख वीस हजारांच्या आसपास होती. पुढच्या काही महिन्यांत त्यातले साडेतीन-चार लाख लोक गाव गाठायला निघून गेले. गिरण्यांना माणसं मिळेनात. सरकारने घरांत शिरून रोगी उचलायला सुरुवात केली आणि लोकांचा समज असा झाला की इस्पितळात नेतात ते मारायलाच. २९ ऑक्टोबर १८९६ रोजी सुमारे हजार गिरणी कामगार आर्थर रोडच्या इस्पितळावर चालून गेले. (आजचं कस्तुरबा रुग्णालय ते हेच.) आपल्याकडे इतिहासात पुण्याचा रँड असतो, मुंबईतला हा हल्ला फारसा कुणी सांगत नाही. वास्तविक तो रँडच्या खुनाच्या आठ महिने आधीचा.

अशा वातावरणात वाल्देमार हाफकिन कलकत्त्याहून मुंबईत आला. जन्माने ओदेसाचा ज्यू, पॅरिसच्या पाश्चर संस्थेत तयार झालेला, कॉलऱ्याच्या लशीसाठी हिंदुस्थानात आलेला. ग्रँट मेडिकल कॉलेजात त्याला जागा मिळाली आणि तीन-एक महिन्यांत त्याने प्लेगची लस उभी केली. १० जानेवारी १८९७ रोजी त्याने ती आधी स्वतःला टोचून घेतली, आणि त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात स्वखुशीने तयार झालेल्या कैद्यांना.

लस करायची कृती मात्र आपल्या स्वयंपाकघरातली वाटावी अशी आहे. बोकडाच्या मटणाचा रस्सा. गाय आणि डुक्कर दोन्ही टाळायचे, नाहीतर हिंदू-मुसलमान दोघेही दंड पुढे करणार नाहीत, हे त्याला पहिल्या दिवसापासून कळत होतं. रश्शावर तुपाचे थेंब तरंगत सोडायचे. त्या थेंबांच्या खालच्या बाजूने प्लेगचे जंतू वाढतात आणि रश्शात लोंबत्या झुंबरांसारखे खाली उतरतात. चंबूला धक्का लागला की सगळं तुटून बर्फ पडावं तसं तळाशी बसतं, की पुन्हा वाढ सुरू. असं सुमारे सहा आठवडे. मग ६५ ते ७० अंश सेल्सियसला तासभर तापवायचं, थोडं कार्बोलिक आम्ल घालायचं, बाटलीत भरायचं.

काम वाढलं, जागा बदलल्या, आणि ऑगस्ट १८९९ मध्ये प्लेग प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसात आली. १८९७ ते १९२५ या काळात मुंबईहून प्लेगच्या लशीच्या अडीच कोटींवर मात्रा बाहेर गेल्या. या साथीने हिंदुस्थानात एक कोटीहून जास्त माणसं नेली, तेव्हा लशीने प्लेग हरवला असं कुणी म्हणू नये. पण टोचलेल्यांत रोग आणि मृत्यू दोन्ही कमी होते हे पुन्हा पुन्हा दिसलं. मधेच १९०२ मध्ये पंजाबातल्या मुलकोवाल गावी टोचलेली १९ माणसं धनुर्वाताने गेली. हाफकिनने कार्बोलिक आम्ल वगळून नुसत्या उष्णतेवर भरवसा ठेवायला सुरुवात केली होती, आणि चौकशीत तेच त्याच्या अंगावर आलं. दोष गावात बाटली उघडतानाच्या हलगर्जीचा होता हे मान्य व्हायला १९०७ उजाडलं. तोवर माणूस आतून मोडला होता. १९२५ मध्ये संस्थेला त्याचं नाव दिलं गेलं, पण तो परत परळला काम करायला आला नाही. असो. यावर स्वतंत्र लिहायला हवं.

आता भाचीचा प्रश्न.

माझे आजोबा चिंचपोकळीच्या बाजूच्या एका गिरणीत फोल्डिंग खात्यात होते. गिरणी म्हटलं की लोकांना साचे आठवतात, त्रासन खातं आठवतं, भोंगा तर आठवतोच. फोल्डिंग खातं कुणाला आठवत नाही. विणून, धुऊन, इस्त्री होऊन आलेलं कापड तिथे टेबलावर पसरायचं, नजरेखालून घालायचं, मापात घड्या करायच्या. भोक, डाग, तुटका धागा दिसला की ते थान बाजूला, डागी मालात. आजोबा म्हणायचे, कापूस कितीही चांगला असो, घडीत चुकला तर बाजारात कुणी विचारत नाही.

पेशीत हे खातं अक्षरशः आहे. प्रथिन तयार होतं तेव्हा ती नुसती सुतासारखी लांब साखळी असते, वीस प्रकारच्या अमिनो आम्लांची. तिचा उपयोग शून्य. ती ठरलेल्या पद्धतीने वळून, दुमडून, घडी घालून बसली की मग ती कामाची होते. एकोणीसशे पन्नास-साठच्या दशकांत ख्रिश्चन अँफिन्सनने दाखवलं की एका छोट्या प्रथिनाची घडी रसायनांनी पूर्ण उसवली आणि मग ती रसायनं काढून घेतली, तर ते आपलं आपण पुन्हा पहिल्यासारखं बसतं. म्हणजे घडी कशी घालायची ते साखळीतच लिहिलेलं असतं. १९७२ मध्ये त्याला नोबेल मिळालं.

मग अंडं का बसत नाही पुन्हा? कारण अंड्यात एकच साखळी नसते, कोट्यवधी असतात आणि खेटून. घडी मोडली की साखळीचा आत लपलेला तेलकट, पाण्याला बुजणारा भाग उघडा पडतो आणि शेजारच्या तशाच उघड्या भागाला चिकटतो. सगळ्यांचा मिळून एक गोळा होतो. पेशीच्या आत गर्दी यापेक्षा कमी नाही. सकाळच्या लोकलमध्ये साडीची घडी घालून दाखवा, तसं ते काम.

म्हणून पेशीत मदतनीस प्रथिनं असतात. त्यांचा पहिला माग १९६२ मध्ये इटलीत लागला. फेरुच्चो रितोसा या शास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत कुणीतरी उबवणीच्या पेटीचं तापमान चुकून वाढवलं आणि फळमाश्यांच्या पेशींत एरवी गप्प असलेली काही जनुकं एकदम जागी झालेली दिसली. त्या जनुकांची प्रथिनं उष्णतेने घडी मोडलेल्या इतर प्रथिनांना सावरायला येतात, हे उमगायला आणखी वीसेक वर्षं गेली. या मदतनिसांना इंग्रजीत 'शॅपरोन' म्हणतात. पूर्वी युरोपात तरुण मुलीबरोबर बाहेर जाताना एक वडीलधारी बाई असायची, ती शॅपरोन. मराठीत याहून नेमका शब्द आहे : पाठराखीण. नव्या नवरीबरोबर सासरी जाते, ती रुळेपर्यंत चार दिवस राहते, नको त्याच्याशी नको ते बोलू देत नाही, आणि काम झालं की आपल्या घरी परत. पेशीतली पाठराखीण हेच करते. तयार झालेल्या प्रथिनात तिचा अंशही उरत नाही.

इथून पुन्हा प्लेगकडे. १९३२ मध्ये लंडनच्या शुट्झ या शास्त्रज्ञाने दाखवलं की प्लेगचा जंतू ३७ अंशांना, म्हणजे माणसाच्या अंगाच्या उष्णतेला वाढवला की स्वतःभोवती एक बुळबुळीत वेष्टण तयार करतो. थंडाव्यात वाढवला तर ते जवळजवळ नसतं. पिसवेच्या अंगात असताना त्याला वेष्टण नको असतं. माणसाच्या अंगात शिरला की हवं असतं, कारण त्याच्यामुळे आपल्या पांढऱ्या पेशींना त्याला गिळता येत नाही. या वेष्टणातलं प्रथिन १९५२ मध्ये अमेरिकेत शुद्ध करून वेगळं काढलं गेलं. त्याचं नाव एफ-१. मारलेल्या जंतूंच्या पुढच्या लशींमध्ये संरक्षणाचा मोठा भार या एफ-१वरच असतो हे स्पष्ट होत गेलं. (ब्युबॉनिक प्लेगपुरता. फुप्फुसाच्या प्लेगसमोर त्या लशी लंगड्याच होत्या.) हाफकिनच्या चंबूत अर्थात हे एकटं प्रथिन नव्हतं, जंतूचा अख्खा संसार होता. पण तापवूनही ओळख का टिकते, याचं उत्तर शोधायची जागा हीच.

१९९१ मध्ये रशियन शास्त्रज्ञांच्या एका गटाने दाखवलं की एफ-१ तयार व्हायला शेजारच्या जनुकाचं एक प्रथिन लागतंच लागतं, आणि ते शेजारचं प्रथिन म्हणजे पाठराखीण आहे. तिचं नाव कॅफ-१-एम. ओदेसाच्या माणसाने मुंबईत टाकलेलं कोडं रशियन बोलणाऱ्यांनीच पुढे न्यावं हा योगायोगच, पण मला तो आवडला. पुढे २००३ मध्ये झाव्यालोव्ह, स्टेफान नाइट वगैरे मंडळींनी पाठराखीण आणि नवरी दोघींचा एकत्र रेणू स्फटिक करून अणू-अणूने पाहिला. त्यात जे दिसलं ते असं.

एफ-१चा एक तुकडा म्हणजे सात पट्ट्यांची घडी असायला हवी. त्याच्या साखळीत पट्ट्या सहाच आहेत. सातवी नाहीच! त्यामुळे एकटा तुकडा कधीच नीट मिटत नाही. त्याच्या अंगावर उघडी खाच राहते आणि आतला तेलकट भाग दिसत राहतो. पाठराखीण काय करते, तर स्वतःची एक पट्टी त्या खाचेत घालून उभी राहते. उसनी सातवी पट्टी. तरी ती घडी पुरती मिटू देत नाही, जरा फुगलेली, ताणलेलीच ठेवते, दाबून धरलेल्या स्प्रिंगसारखी. अशी ती तुकड्याला जंतूच्या बाहेरच्या भिंतीतल्या दारापर्यंत घेऊन जाते. तिथे आधीचा तुकडा थांबलेला असतो. नव्या आणि जुन्या तुकड्यांपैकी एकाच्या टोकाला एक मोकळी पट्टी असते, ती पाठराखिणीची पट्टी सरकवत खाचेत जाऊन बसते. पाठराखीण सुटते, आणि ताणलेली घडी खटकन मिटते. त्या मिटण्यातून जी ऊर्जा सुटते तिच्यावरच पुढचा धागा ओवला जातो. जंतूच्या दोन भिंतींमधल्या त्या जागेत पेशीचं नेहमीचं इंधन पोचत नाही, म्हणून ही सोय. असे तुकडे एकात एक अडकत लांबच लांब धागे होतात आणि त्यांचं वेष्टण बनतं.

प्रत्येक तुकड्याची घडी शेजारच्याने पुरी केलेली. त्यामुळे धागा विलक्षण घट्ट. ७० अंशांना तो ढिम्म हलत नाही, मोडायला ऐंशी-नव्वदच्या घरात जावं लागतं. अंडं त्याच्या बरंच आधी शिजतं. हाफकिनचं तापवणं जंतूला मारायला पुरेसं होतं, पण ही घडी उसवायला अपुरं. या दोन तापमानांमधल्या फटीत लस बसली होती, आणि ती फट आहे हे ती वापरणाऱ्या कुणालाच माहीत असणं शक्य नव्हतं. हे वाचलं तेव्हा मी भाचीला रात्री साडेअकराला फोन केला. ती झोपली होती.

आणि पाठराखीण आलीच नाही तर? तुकडे एकमेकांना चिकटून गोळे होतात, जंतूच्या अंगात विष झाल्यासारखं होतं. त्यासाठी त्या मधल्या जागेत डेग-पी नावाचं प्रथिन गस्त घालतं आणि घडी चुकलेले तुकडे कापून टाकतं. डागी माल बाजूला. जंतूसुद्धा फोल्डिंग खातं आपल्याइतक्याच कडक शिस्तीत चालवतो.

आता दुसरी बाजू पाहू, ज्याच्या दंडात सुई गेली त्याची. त्याच्या शरीरात एफ-१विरुद्ध प्रतिपिंडं तयार होतात. प्रतिपिंड म्हणजे दोन जड आणि दोन हलक्या साखळ्यांची जोडणी. जड साखळीचा एक भाग असा आहे की हलकी साखळी जोडीला येईपर्यंत तो घडीच घालत नाही. तोवर त्याला 'बिप' नावाची पाठराखीण धरून बसते. १९८३ मध्ये ती सापडली तीच मुळी जड साखळीला चिकटलेली. हलकी साखळी आली की बिप बाजूला होते, घडी पुरी होते, माल बाहेर जातो. आलीच नाही तर जड साखळीला परत मागच्या दाराने पेशीच्या मुख्य भागात ढकललं जातं, तिच्यावर युबिक्विटिन नावाचं छोटं प्रथिन शिक्क्यासारखं चिकटवलं जातं आणि प्रोटिअसोम नावाचं यंत्र तिचे तुकडे करतं. या शिक्क्याचा शोध लावणाऱ्या तिघांना २००४चं नोबेल मिळालं. अर्धवट जोडलेलं प्रतिपिंड एरवी रक्तात येत नाही ते या बंदोबस्तामुळे.

प्रतिपिंड बनवणारी पेशी सेकंदाला हजारो रेणू बाहेर टाकते. एवढ्या रेट्यात घड्या न झालेला माल तुंबणारच. तो तुंबला की पेशी केंद्रकाकडे निरोप पाठवते : आणखी पाठराखिणी द्या, जागा वाढवा, नवी आवक जरा थांबवा. काझुतोशी मोरी आणि पीटर वॉल्टर यांनी यीस्टमध्ये हा निरोप कसा जातो ते उलगडलं. निरोप पाठवूनही तुंबलेलं निस्तरलं नाही तर पेशी शेवटी स्वतःला संपवते. मेंदूच्या पेशींत वर्षानुवर्षं असा चुकलेला माल साठत जातो तेव्हा अल्झायमर, पार्किन्सन यांची नावं येतात. तो वेगळा आणि मोठा विषय आहे, इथे नुसती खूण करून ठेवतो.

या सगळ्यात मला सर्वांत चक्रावून टाकणारी गोष्ट शेवटी सापडली. एफ-१च्या तुकड्याची ती सहा अधिक एक पट्ट्यांची घडी ज्या नमुन्याची आहे, त्याला शास्त्रात प्रतिपिंडाच्याच घडीचं नाव आहे. इम्युनोग्लोब्युलिन घडी. म्हणजे १८९७ मध्ये भायखळ्याच्या कैद्याच्या रक्तात प्लेगच्या वेष्टणाला प्रतिपिंडाने पकडलं तेव्हा पकडणारा आणि पकडला जाणारा दोघेही एकाच तऱ्हेने दुमडलेले होते. नातं मात्र काही नसावं, चांगली घडी निसर्गाला पुन्हा पुन्हा सुचते एवढंच. आजोबांच्या खात्यातही धोतराची आणि लट्ठ्याची घडी घालणारे हात तेच होते.

प्लेग त्यानंतर बराच काळ पुस्तकात राहिला आणि १९९४ मध्ये एकदम बाहेर आला. ऑगस्टमध्ये बीड जिल्ह्यात, सप्टेंबरमध्ये सुरतेत. आमच्या भागात औषधांच्या दुकानांतून टेट्रासायक्लिन संपलं होतं आणि सुरतेहून आलेल्या माणसाशी कुणी हात मिळवत नव्हतं, एवढं मला पक्कं आठवतं. हा खरंच प्लेग का, यावर तेव्हा पुष्कळ वाद झाला. रक्तात एफ-१विरुद्धची प्रतिपिंडं शोधणं हा त्यातल्या पुराव्यांचा एक भाग होता. पण ती प्रतिपिंडं तयार व्हायला दिवस जातात, आणि तोवर रोगी एकतर बरा होतो किंवा जातो.

२००३ मध्ये, म्हणजे ज्या वर्षी त्या घडीचं चित्र छापून आलं त्याच वर्षी, मादागास्करच्या पाश्चर संस्थेतल्या लोकांनी थेट एफ-१च पकडणारी कागदी पट्टी जाहीर केली. गाठीतलं पाणी किंवा थुंकी घ्यायची, पट्टी बुडवायची, पंधरा मिनिटं थांबायचं. त्यासाठी वीज लागत नाही की प्रयोगशाळा लागत नाही. आडगावच्या दवाखान्यातला माणूसही ती वाचू शकतो. एक रेघ आली तर पट्टी चालू आहे. दोन आल्या तर औषध त्याच क्षणी सुरू करायचं.